युनियनची दोन बेपत्ता मुले आणि एका खोट्या आरोपाचे नऊ दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर 1994 मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या युनियन या गावातून तीन वर्षांचा मायकेल आणि चौदा महिन्यांचा अलेक्झांडर हे दोन सख्खे भाऊ बेपत्ता झाले. एका कृष्णवर्णीय पुरुषाने बंदुकीचा धाक दाखवून गाडी पळवली आणि मुले गाडीतच राहिली, असे त्यांच्या आईने, सुझन स्मिथ हिने, पोलिसांना सांगितले. असा कोणी पुरुष अस्तित्वातच नव्हता. हे प्रकरण ‘मुलांना मारणारी आई’ एवढ्याच ओळखीने लक्षात राहिले आहे. ज्या समाजावर नऊ दिवस संशयाची छाया होती, त्याचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकला जातो. म्हणून पुढील उत्तरांमध्ये त्या बाजूला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

त्या रात्री नेमके काय घडले?

25 ऑक्टोबर 1994 रोजी रात्री नऊच्या सुमारास जॉन डी. लाँग या तळ्याजवळच्या एका घराचे दार सुझन स्मिथने रडत ठोठावले. मोनार्क मिल्सच्या चौकात आपण लाल सिग्नलला थांबलो असताना एक कृष्णवर्णीय माणूस बंदूक घेऊन गाडीत शिरला, त्याने काही मैल गाडी चालवायला लावली, मग आपल्याला उतरवले आणि मागच्या आसनावर बांधलेल्या मुलांसह तो निघून गेला, अशी हकीकत तिने सांगितली. प्रत्यक्षात तिने आपली 1990 सालची माझदा गाडी तळ्याच्या काठावर, होड्या पाण्यात सोडण्यासाठी बांधलेल्या उतारावर उभी केली होती आणि हँडब्रेक सोडून ती स्वतः बाहेर उतरली होती. मुले आपापल्या आसनांना पट्ट्याने बांधलेली होती.

युनियन हे कशा प्रकारचे गाव होते?

राज्याच्या वायव्य भागातले, कापड गिरण्यांवर वाढलेले आणि त्या काळी सुमारे दहा हजार वस्तीचे हे गाव. येथे कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. दक्षिणेतल्या इतर गिरणगावांप्रमाणे येथेही गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची चर्चे बहुतांशी वेगळी असत. मात्र कामावर, शाळेत आणि दुकानात दोन्ही समाजांचा रोजचा संबंध येत असे. बाहेरून आलेल्या पत्रकारांनी गावाचे वर्णन ‘वांशिक आगीच्या तोंडावर उभे असलेले’ असे केले, ते मला एकांगी वाटते. परस्परांची ओळख होती, एका मर्यादेपर्यंत विश्वासही होता. म्हणूनच हा आरोप तिथल्या कृष्णवर्णीयांच्या अधिक जिव्हारी लागला.

लोकांनी तिच्या सांगण्यावर एवढ्या सहज विश्वास का ठेवला?

पहिले कारण साधे आणि मानवी आहे. रडणाऱ्या तरुण आईवर संशय घ्यायला कोणाचेही मन धजावत नाही. त्या वेळी ती तेवीस वर्षांची होती, आणि ती व मुलांचे वडील डेव्हिड स्मिथ दूरचित्रवाणीवर शेजारी शेजारी उभे राहून मुले परत करण्याची विनवणी करत होते. वडिलांना सत्य ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांचे दुःख अस्सल होते आणि त्या दुःखाची विश्वासार्हता आपोआप तिच्याही शब्दांना मिळत गेली.

दुसरे कारण इतिहासात आहे. गोऱ्या स्त्रीला किंवा तिच्या मुलांना कृष्णवर्णीय पुरुषापासून धोका आहे, ही कल्पना अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक पिढ्या रुजवली गेली होती आणि तिच्या नावावर माणसे मारली गेली होती. 1923 च्या जानेवारीत फ्लॉरिडातील रोझवूड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीला जमावाने आग लावून ती नकाशावरून पुसून टाकली, ती एका गोऱ्या स्त्रीने केलेल्या अशाच आरोपानंतर. 1931 मध्ये अलाबामातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय किशोरांवर बलात्काराचा आरोप झाला, त्यातील आठ जणांना पहिल्याच खटल्यात मृत्युदंड सुनावला गेला, आणि आरोप करणाऱ्या दोघींपैकी एकीने नंतर आपली साक्ष फिरवली. योगायोग असा, की रोझवूडमधून वाचलेल्या लोकांना भरपाई देण्याचा कायदा फ्लॉरिडाने संमत केला तो याच 1994 साली, युनियनमधल्या घटनेच्या काही महिने आधी.

सुझन स्मिथने कोणत्याही विशिष्ट माणसाचे नाव घेतले नव्हते, आणि तिला त्याची गरजही पडली नाही. सांगायला एक लोकरी टोपी, एक बंदूक आणि एक वर्ण पुरेसा होता. उरलेला तपशील ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनातून भरला. तिने गोऱ्या माणसाचे वर्णन केले असते, तर त्याची चण कशी होती, बोलण्याची ढब कोणती होती, तो ओळखीचा तर नव्हता, असे प्रश्न पहिल्याच दिवशी अधिक नेटाने विचारले गेले असते, असे मला ठामपणे वाटते.

त्या नऊ दिवसांत गावातील कृष्णवर्णीय रहिवाशांवर काय गुजरले?

तिच्या वर्णनावरून काढलेले रेखाचित्र गावभर चिकटवले गेले आणि देशभरातील वाहिन्यांवर दाखवले गेले. ते एवढे सर्वसाधारण होते की गावातील विशी-तिशीतल्या अनेक कृष्णवर्णीय पुरुषांना ते लागू पडू शकले असते. पुरुषांना थांबवून प्रश्न विचारले गेले. दुकानात, पेट्रोल पंपावर, कामाच्या ठिकाणी आपल्याकडे रोखून पाहिले जाते, हे अनेकांनी नंतर पत्रकारांना सांगितले. ज्यांना कोणी थांबवले नाही, त्यांनाही त्या रात्री आपण कोठे होतो आणि ते कोण सांगू शकेल, याचा हिशेब मनात तयार ठेवावा लागत होता. निरपराध माणसाला असा हिशेब ठेवावा लागणे ही स्वतःच एक इजा आहे, आणि तिची नोंद कोणत्याही आरोपपत्रात होत नाही.

याच लोकांपैकी अनेक जण मुलांसाठी प्रार्थना करत होते आणि शोधकार्यातही सहभागी झाले होते, हे सांगितल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. संशयाचे बोट आपल्याकडे वळलेले असताना त्याच शेजाऱ्यांची मुले शोधायला रानात जाणे यासाठी काय लागत असेल, याची कल्पना बाहेरच्या माणसाने करून पाहावी.

गावातील सर्वांचाच त्या हकीकतीवर विश्वास बसला होता का?

नाही. दोन गोऱ्या मुलांना घेऊन एक कृष्णवर्णीय माणूस सबंध देश शोधत असताना कोणाच्याही नजरेस न पडता फिरतो आहे, हे कृष्णवर्णीय समाजातील अनेकांना सुरुवातीपासूनच पटत नव्हते. त्या माणसाला ती मुले हवीच कशाला होती, हाही त्यांचा साधा प्रश्न होता. ही शंका उघडपणे बोलून दाखवणे मात्र कठीण होते, कारण शोकाकुल आईवर संशय घेतल्याचा ठपका लगेच बसला असता.

पोलिसांना संशय केव्हा आणि कशावरून आला?

कबुलीच्या बऱ्याच आधी. काउंटीचे शेरीफ हॉवर्ड वेल्स, राज्याची तपास यंत्रणा आणि एफबीआय हे तिघेही पहिल्या काही दिवसांतच तिच्या हकीकतीतील विसंगती टिपू लागले होते.

सर्वांत ठोस विसंगती सिग्नलची होती. मोनार्कच्या चौकातला सिग्नल मुख्य रस्त्यासाठी हिरवाच राहत असे, आणि आडव्या रस्त्यावर एखादी गाडी आली तरच तो लाल होत असे. सुझन स्मिथने सांगितले होते की त्या वेळी चौकात दुसरी एकही गाडी नव्हती. दुसरी गाडी नसेल तर सिग्नल लाल होणार नव्हता, आणि सिग्नल लाल नसेल तर तिला थांबण्याचे कारण नव्हते. संध्याकाळी आपण मुलांना घेऊन वॉलमार्टमध्ये गेलो होतो, असेही ती म्हणाली होती, पण तिला तेथे पाहिल्याचे कोणी सांगेना. ज्या मित्राकडे ती निघाली होती, त्याला ती येणार असल्याचे माहीतच नव्हते. पॉलिग्राफ चाचणीतून स्पष्ट निष्कर्ष निघाला नाही, परंतु मुले कोठे आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का, या प्रश्नावर तिच्या प्रतिक्रिया तपास अधिकाऱ्यांना खटकल्या.

संशय आला होता, तर त्या कृष्णवर्णीय माणसाचा शोध का थांबवला गेला नाही?

हा प्रश्न युनियनमध्येही विचारला गेला, आणि तो रास्त आहे. पोलिसांच्या बाजूने सांगायचे तर मुले जिवंत असण्याची शक्यता शिल्लक असेपर्यंत एकही धागा सोडून देणे त्यांना शक्य नव्हते. शिवाय आपण संशयित आहोत हे आईला कळले असते तर ती गप्प झाली असती आणि कदाचित मुलांचा ठावठिकाणाच लागला नसता. वेल्स यांनी तिच्याशी शेवटपर्यंत सौम्यपणे बोलणे चालू ठेवले आणि शेवटी कामी आला तो हाच सौम्यपणा.

तरीही या धोरणाची किंमत कोणी दिली, हे नजरेआड करता येणार नाही. तपासाच्या सोयीसाठी ते रेखाचित्र भिंतींवर राहिले, आणि ते राहिले तोवर गावातील प्रत्येक कृष्णवर्णीय पुरुष काही अंशी संशयित राहिला. तपासाची गरज खरी होती, यावर माझा विश्वास आहे. परंतु संशयाचे ओझे एकाच समाजाने वाहायचे, हे त्याच्या संमतीशिवाय ठरले, हेही तितकेच खरे आहे.

तळ्यात आधी शोध घेतला असूनही गाडी का सापडली नाही?

पाणबुडे त्या तळ्यात आधीही उतरले होते, परंतु पाण्यात गेलेली गाडी काठाजवळच बुडाली असेल, असा अंदाज धरून त्यांनी काठालगतचा भाग पाहिला होता. वास्तवात बंद काचांची गाडी काही मिनिटे तरंगत पुढे सरकली. ती सापडली तेव्हा काठापासून 122 फूट आत, सुमारे 18 फूट खोल पाण्यात उलटी पडलेली होती.

कबुली कशी मिळाली?

3 नोव्हेंबरच्या सकाळीही आईवडिलांनी राष्ट्रीय वाहिन्यांना मुलाखती दिल्या होत्या. त्याच दिवशी दुपारी वेल्स यांनी तिला एका चर्चच्या इमारतीत एकटीला भेटायला बोलावले. तिने सांगितलेल्या चौकात त्या रात्री आपले साध्या वेशातील पोलीस अमली पदार्थांच्या एका प्रकरणासाठी पाळतीवर होते आणि त्यांना असे काहीही दिसले नाही, असे त्यांनी तिला सांगितले. हे खरे नव्हते. तो तपासातील डाव होता. त्यापुढे त्यांनी जे सांगितले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तिच्या आरोपामुळे कृष्णवर्णीय समाजात तणाव वाढतो आहे, त्यामुळे ही हकीकत खोटी असल्याचे मला वृत्तपत्रांना सांगावे लागेल, असे ते म्हणाले. तिने त्यांना आपल्यासोबत प्रार्थना करायला सांगितले आणि थोड्याच वेळात ती कोसळली. नंतर तिने आपल्या हस्ताक्षरात कबुलीजबाब लिहून दिला. त्याच दिवशी तिने दाखवलेल्या जागी पाणबुड्यांना गाडी आणि दोन्ही मुलांचे मृतदेह सापडले.

सत्य बाहेर आल्यावर गावात दंगल का झाली नाही?

देशभरातून आलेले वार्ताहर त्याचीच वाट पाहत होते, असे म्हणणे कठोर वाटेल, पण अगदीच चुकीचे ठरणार नाही. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांची निर्दोष मुक्तता झाल्यावर लॉस एंजेलिसमध्ये उसळलेल्या 1992 च्या दंगलीला अडीचच वर्षे झाली होती, आणि माजी पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावरील खटल्यामुळे वंशाचा प्रश्न रोज पहिल्या पानावर होता.

युनियनमध्ये मात्र संताप रस्त्यावर आला नाही. याचे श्रेय सर्वप्रथम तेथील कृष्णवर्णीय समाजाला आणि त्याच्या धर्मगुरूंना द्यायला हवे. त्यांनी लोकांना शांत राहण्याचे आवाहन केले, पण झालेला अपमान झाकून ठेवण्याचा आग्रह धरला नाही. दोन्ही समाजांच्या एकत्र प्रार्थना झाल्या. सुझन स्मिथच्या भावाने कुटुंबाच्या वतीने युनियनमधील कृष्णवर्णीय समाजाची जाहीर माफी मागितली. त्या माफीवर त्या वेळीही दोन मते होती. काहींना तो मनाचा मोठेपणा वाटला. काहींनी विचारले, की कुटुंबाने माफी मागितली हे ठीक, परंतु ज्या वाहिन्यांनी ते रेखाचित्र दिवसातून अनेकदा दाखवले आणि ज्या शेजाऱ्यांनी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांचे काय? मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर द्यायला कोणी पुढे आले नाही.

सुझन स्मिथने मुलांना का मारले?

ती नवऱ्यापासून विभक्त झाली होती आणि घटस्फोटाची कार्यवाही सुरू होती. ज्या पुरुषाशी तिचे संबंध होते, त्याने काही दिवसांपूर्वीच पत्र लिहून ते संपवले होते, आणि मुलांची जबाबदारी नको असणे हे त्यात दिलेल्या कारणांपैकी एक होते. सरकारी पक्षाने हाच हेतू मांडला. बचाव पक्षाने तिच्या वडिलांची आत्महत्या, सावत्र वडिलांकडून झालेले लैंगिक शोषण आणि तिचे पूर्वीचे आत्महत्येचे प्रयत्न ज्युरीसमोर ठेवले, आणि त्या रात्री ती स्वतःही मरायच्या विचारात होती, असे सांगितले. ही पार्श्वभूमी गंभीर आहे आणि ती ऐकून कोणाच्याही मनात कणव उत्पन्न होईल. परंतु त्यानंतरचे नऊ दिवस एक नसलेला कृष्णवर्णीय माणूस उभा करून ठेवणे, हे त्या निराशेच्या क्षणात बसत नाही. तो जाणीवपूर्वक घेतलेला आणि रोज नव्याने पार पाडलेला निर्णय होता.

खटल्याचा निकाल काय लागला? खोट्या आरोपाबद्दल वेगळी शिक्षा झाली का?

जुलै 1995 मध्ये युनियनमध्येच खटला चालला. सिम्पसन खटल्याचे थेट प्रक्षेपण त्याच वेळी देशभर पाहिले जात होते, परंतु न्यायाधीश विल्यम हॉवर्ड यांनी येथे कॅमेऱ्यांना मनाई केली. सरकारी वकील टॉमी पोप यांनी मृत्युदंडाची मागणी केली. 22 जुलै रोजी ज्युरीने तिला खुनाच्या दोन्ही आरोपांत दोषी ठरवले आणि काही दिवसांनी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप निवडली. त्या ज्युरीत गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही समाजांतील लोक होते.

खटला खुनाचा होता. कृष्णवर्णीय समाजावर घेतलेल्या आळाची मोजदाद त्यात वेगळी झाली नाही. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण खोट्या आरोपात कोणा एकाचे नाव नव्हते. नाव नसल्यामुळे बदनामी झालेली व्यक्तीही कायद्याला सापडत नाही, जरी ती बदनामी हजारोंच्या वाट्याला आली असली तरी.

असे खोटे आरोप इतरत्रही झाले आहेत का?

झाले आहेत. युनियनच्या घटनेच्या पाचच वर्षे आधी, ऑक्टोबर 1989 मध्ये, बॉस्टनमध्ये चार्ल्स स्टुअर्ट याने आपल्या गरोदर पत्नीला गोळी घालणारा माणूस कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले. पोलिसांनी मिशन हिल या वस्तीत कृष्णवर्णीय पुरुषांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या आणि एका निरपराध माणसाला मुख्य संशयित ठरवले. संशयाची सुई आपल्याकडे वळल्यावर स्टुअर्टने जानेवारी 1990 मध्ये पुलावरून उडी मारून आत्महत्या केली. बॉस्टन शहराच्या वतीने महापौर मिशेल वू यांनी चुकीचा संशय घेतल्या गेलेल्या माणसांची अधिकृत माफी मागितली, ती डिसेंबर 2023 मध्ये, चौतीस वर्षांनी. 2009 मध्ये पेन्सिल्व्हेनियातील एका महिलेने आपल्याला व आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी पळवल्याचा फोन केला. त्या दोघी फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये सुखरूप सापडल्या.

कायद्याच्या अभ्यासक कॅथरिन रसेल-ब्राउन यांनी 1987 ते 1996 या काळातील अशी 67 प्रकरणे गोळा केली आणि त्यांतील बहुसंख्य प्रकरणांत गोऱ्या व्यक्तीने कृष्णवर्णीयावर आळ घेतल्याचे दाखवून दिले.

बेपत्ता मुले कृष्णवर्णीय असती, तर देशाने एवढे लक्ष दिले असते का?

याचे उत्तर अटलांटा शहराच्या अनुभवात शोधता येते. 1979 ते 1981 या काळात तेथे कृष्णवर्णीय मुले आणि तरुण एकामागून एक बेपत्ता होत होते आणि त्यांचे मृतदेह सापडत होते. सुरुवातीला ही प्रकरणे एकमेकांशी जोडलेली असू शकतात हे मान्य करायलाच यंत्रणा तयार नव्हती. मृत मुलांच्या मातांनी, त्यांत कॅमिल बेल आघाडीवर होत्या, स्वतः समिती स्थापन करून आवाज उठवला, तेव्हा कोठे तपासाला वेग आला. युनियनमध्ये मात्र पहिल्या काही दिवसांतच राष्ट्रीय वाहिन्यांच्या गाड्या कचेरीसमोर उभ्या होत्या. मायकेल आणि अलेक्झांडर यांच्यासाठी देश हळहळला ते योग्यच होते. अटलांटातील मुलांनाही तीच हळहळ तितक्याच लवकर मिळायला हवी होती. बेपत्ता कृष्णवर्णीयांच्या शोधासाठी ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ ही स्वतंत्र संस्था 2008 मध्ये काढावी लागली, यावरून ही दरी किती काळ टिकली हे दिसते.

संशयिताचा वर्ण बातमीत देऊच नये का?

देण्यास हरकत नाही, पण त्या वर्णनावरून एखादा माणूस खरोखर ओळखता येणार असेल तरच. उंची, वय, व्रण, चाल, कपडे, गाडी यांसोबत वर्ण आला तर ते वर्णन असते. एकटा वर्ण आणि एक टोपी आली, तर तिच्यातून कोणीही ओळखू येत नाही आणि सगळेच संशयित ठरतात. अमेरिकेतील अनेक वृत्तकक्षांत आज हाच निकष पाळला जातो. मायकेल आणि अलेक्झांडर बेपत्ता असताना तो पाळला गेला असता, तर ते रेखाचित्र एवढ्या प्रमाणात छापले गेले नसते.

सुझन स्मिथ अजून तुरुंगात आहे का?

तिला शिक्षा झाली त्या वेळच्या कायद्यानुसार तीस वर्षांनंतर पॅरोल मागण्याचा हक्क तिला मिळाला. 20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या सुनावणीत मुलांचे वडील डेव्हिड स्मिथ यांनी सुटकेला विरोध केला आणि मंडळाने एकमताने पॅरोल नाकारला. यापुढे दर दोन वर्षांनी तिला नव्याने अर्ज करता येईल.